चार इंचांची काळी तार

पिरंगुटहून उरवड्याकडे वळल्यावर, ओढ्याच्या पलीकडे जयसिंगराव ढमाले यांचा पत्र्याचे सुटे भाग बनविण्याचा कारखाना होता. त्या कारखान्यातील विजेचे सर्व काम चाँदभाई मुलाणी पाहत असत. राहायला पौडच्या बाजारपेठेत, वय छप्पन्न. दोन हजार सात साली त्यांच्या नोकरीला अठरा वर्षे पूर्ण झाली होती, आणि या अठरा वर्षांत त्यांनी केलेल्या जोडणीमुळे एकही माणूस जखमी झाला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलून दाखवीत नसत. परंतु दुसऱ्या कोणी बोलून दाखविली, तर खोडूनही काढीत नसत.

व्यवस्थितपणा हा त्यांचा नुसता स्वभाव नव्हता, ते व्रत होते. त्यांनी बांधलेल्या पॅनेलचे दार उघडावे, तर प्रत्येक तार सरळ, प्रत्येक वळण काटकोनात आणि प्रत्येक टोकाला आकड्याची पिवळी कडी. पक्कड जागेवर न ठेवणाऱ्याशी ते दिवसभर बोलत नसत.

त्यांच्या अनेक नियमांपैकी एक मात्र इतरांहून निराळा होता. दोन निरनिराळ्या पुरवठ्यांच्या परतीच्या तारा एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. बाहेरून येणाऱ्या लाइनीची न्यूट्रल वेगळी, जनरेटरची वेगळी. मधला स्विच असा बसवायचा, की एक पूर्ण तुटल्याखेरीज दुसरी जोडली जाता कामा नये. या नियमामागे एक मरण होते. शहाऐंशी साली चाँदभाई आणि कोंडिबा हे दोघे भागीत वायरिंगची कामे घेत. एका खडीकेंद्रावर, लाइन बंद असल्याची खात्री करून कोंडिबा खांबावर चढला. खाली कोणीतरी जनरेटर सुरू केला. त्याची न्यूट्रल आणि लाइनीची न्यूट्रल सोयीसाठी म्हणून एकत्र पिळून ठेवलेल्या होत्या. बंद लाइनीतून वीज उलटी वर चढली. चाँदभाईंनी कोंडिबाला खाली उतरविले तेव्हा त्याच्या मुठीतली पक्कड सुटत नव्हती.

तेव्हापासून हा नियम त्यांनी कोणाला समजावून सांगितला नाही. फक्त पाळला.

कारखान्यात सहा पॉवर प्रेस होत्या. प्रेसवरचे काम दिसायला सोपे. पत्र्याची चकती हाताने साच्याखाली ठेवायची, हात बाहेर घ्यायचा, पायाने पेडल दाबायचे. वरचा जड ठोकळा खाली येतो आणि चकतीची वाटी होते. दिवसाला दोन-अडीच हजार वेळा. त्यांपैकी एकदा जरी पाय हाताच्या आधी चालला, तर पुढचे सांगायला नको. आदल्या दिवाळीच्या सुमारास तिसऱ्या नंबरच्या प्रेसवर एका बाईची दोन बोटे गेली. त्यानंतर त्या जागेवर रत्नाबाई बसू लागल्या. त्या उरवड्याच्याच. बांगड्या काढून ठेवण्याचा नियम त्यांना मान्य नव्हता. हातभर हिरव्या बांगड्यांवर त्या घट्ट रुमाल बांधीत आणि कामाला लागत.

जयसिंगरावांच्या मनाला ती दोन बोटे लागली होती. त्यांनी क्षितिजा नावाच्या तरुण इंजिनियर मुलीला कामावर घेतले. ती लातूरकडची, हिंजवडीतील संगणकाची नोकरी सोडून आली होती. चार महिन्यांत तिने एक यांत्रिक हात तयार केला. पुढे चुंबक, मध्ये दोन सांधे, खाली फिरती बैठक. चकत्यांच्या थप्पीतून एक चकती उचलावी, साच्याखाली ठेवावी आणि मागे सरावे, एवढेच त्याचे काम. माणसाचे बोट साच्याखाली जाण्याचे कारणच उरू नये, हा हेतू.

“मॅडम,” रत्नाबाई त्या हाताकडे निरखून पाहत म्हणाल्या, “ह्याला हळदीकुंकवाला बोलवायचं का? हात हाय, पर कपाळ न्हाई!”

“कपाळ आहे ना मावशी,” क्षितिजा तळहाताएवढा हिरवा बोर्ड दाखवीत म्हणाली. “हे बघा. सगळी अक्कल यात आहे.”

“एवढ्याशा पाटीत? आमच्या मालकांच्या डोस्क्यात बसवा की एक.”

जयसिंगराव मागेच उभे होते. हसण्याची लाट ओसरल्यावर त्यांनी आपला निर्णय सांगितला. “बुधवारी चाचणी. हात चालला, तर सहाही प्रेसला बसवू. न्हाई चालला, तर भंगारात. मग मॅडम, तुमी तुमच्या वाटंनं, आन् रत्नाबाई पुन्हा हातानं चकत्या घालणार. मला माल द्यायचाय, खेळणी न्हाई करायची.”

हाताची अक्कल आणि हाताची ताकद यांचे पुरवठे वेगवेगळे होते. बोर्डावरील मायक्रोकंट्रोलरला पाच व्होल्ट पुरत. सांधे फिरविणाऱ्या सर्वो मोटारींना बारा व्होल्ट लागत. बारा व्होल्ट चुकून बोर्डात शिरले तर तो जळून जाणार. म्हणून दोन स्वतंत्र डबे: एक पाचचा, एक बाराचा. प्रत्येक सर्वोला तीन तारा. लाल तार ताकदीची, काळी परतीची, म्हणजे मायनसची, आणि पांढरी हुकमाची. ‘इतके फिर, तिथे थांब’ एवढे बोर्डाने पांढऱ्या तारेतून मोटारीला कळवायचे.

क्षितिजाने टेबलावर मांडलेली ही जोडणी पॅनेलमध्ये नीट बसविण्याचे काम शनिवारी चाँदभाईंकडे आले. ती कचेरीत होती. चाँदभाईंनी एकेक तार सरळ केली, आकड्यांच्या कड्या चढविल्या, आणि मग त्यांना ती दिसली: पाचच्या डब्याचा मायनस आणि बाराच्या डब्याचा मायनस यांना जोडणारी, चार इंचांची एक काळी तार.

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. दोन पुरवठे, आणि परतीच्या तारा एकत्र!

मुलीला हाक मारून विचारावे, असे त्यांच्या मनात आले नाही, असे नाही. पण पुस्तकी मुलगी. टेबलावर घाईत चुकली असेल. चारचौघांत तिची चूक काढली, तर बिचारी ओशाळेल. त्यांनी ती तार कापली, दोन्ही टोकांवर टोप्या चढविल्या आणि पॅनेलचे दार लावले. आपण एका लेकीची लाज राखली, अशा समाधानाने ते त्या दिवशी घरी गेले.

सोमवारी आणि मंगळवारी हात उत्तम चालला. कचेरीतला संगणक प्रेसशेजारी आणून ठेवला होता. त्याची केबल बोर्डाला जोडून क्षितिजा हाताची गती कमीजास्त करीत होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हाताने चारशे चकत्या न चुकता साच्याखाली ठेवल्या. पेडल मात्र अजून रत्नाबाईंच्या पायाखालीच होते. हात मागे सरला, की त्यांनी ते दाबायचे.

बुधवारी सकाळी संगणक कचेरीत परत गेला. आता हाताने आपल्या अकलेने चालायचे होते. जयसिंगराव, दोन सुपरवायझर आणि पाळीतल्या बाया प्रेसभोवती उभ्या राहिल्या. चाँदभाई पॅनेलपाशी, हात पाठीमागे बांधून. रत्नाबाई चकत्यांची थप्पी ट्रेमध्ये सारखी करीत होत्या. क्षितिजाने मान हलविली. प्रेसची मोटार सुरू झाली.

हात आधी थरथरला. हिवताप भरलेल्या माणसाला कापरे भरावे, तसा.

“मावशी, मागे व्हा!” क्षितिजा ओरडली.

तेवढ्यात हाताने गर्रकन अर्धी फेरी घेतली. त्याचा लोखंडी सांधा रत्नाबाईंच्या मनगटावर आदळला आणि त्या तडाख्याने त्यांचा हात ढकलला जाऊन सरळ साच्याखाली गेला.

ठोकळा खाली आला नाही.

का आला नाही, हे त्या क्षणी कोणालाच उमगले नाही. रुमालातून हिरव्या काचा जमिनीवर पडल्याचा आवाज तेवढा झाला. मग चाँदभाईंनी मुख्य स्विच खाली ओढला आणि सगळा कारखाना मुका झाला. रत्नाबाईंनी दचकून दोन्ही पाय वर उचलले होते. दचकणारे माणूस पाय उचलते किंवा दाबते. त्यांनी उचलले होते. एवढ्यानेच त्यांची पाचही बोटे हाताला शिल्लक होती.

“बांगड्या वाढल्या गं,” एक बाई पुटपुटली.

“वाढू दे,” रत्नाबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “हात काढू का आता? का आजून काय करायचंय त्याला?”

मनगटाचे हाड चिरले होते. प्लास्टर घालून त्यांना घरी पोचविले. जयसिंगराव क्षितिजाला फारसे बोलले नाहीत, आणि तेच अधिक भयंकर होते. “संगणक व्हता तवर चालला. संगणक काढला, की येडा झाला. म्हंजे बोर्डात अक्कल न्हाईच. शुक्रवारी दुपारी खोलून ठेवा.” चाँदभाईंनाही ते पटले. वायरिंग तर त्यांनी स्वतः केले होते.

गुरुवारी त्या भागातील कारखान्यांची आठवड्याची सुट्टी. चाँदभाई घरी भाताची शिते बोटाने एका रांगेत लावीत बसले होते.

“जेवताय, का भाताला पॅनेलमंदी बसवताय?” त्यांच्या पत्नी साबेरा यांनी विचारले.

“भूक न्हाई.”

“चूक त्या पोरीची, मग भूक तुमची का पळाली?”

चाँदभाईंनी ताट बाजूला सारले.

शुक्रवारी सकाळी पाळी सुरू होण्यापूर्वी क्षितिजा आली. डोळे सुजलेले, हातात प्रोग्रामचे कागद. “चाचा, मी तीनदा तपासलं. प्रोग्राम तोच आहे. खोलण्याआधी एकदा संगणक लावून बघू द्या.”

त्यांनी मिळून संगणक आणला. केबल जोडली, प्रेसची मोटार सुरू केली. हात शांत, चकती उचलली, ठेवली, मागे सरला. क्षितिजाने केबल उपटली. हाताला कापरे भरले. पुन्हा जोडली, शांत. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी ती एकदम चाँदभाईंकडे वळली.

“चाचा, पाचचा मायनस आणि बाराचा मायनस जोडलेले आहेत ना? मी काळी तार टाकली होती.”

“न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“मी कापली. शनवारी.”

चाँदभाईंना वाटले, ही आता ओरडेल. तिने ओरडावे असेही वाटले.

“का?” एवढेच तिने विचारले.

“दोन पुरवठ्यांच्या परतीच्या तारा एक करायच्या न्हाईत. त्यानं माणूस मरतो. माझ्या डोळ्यांदेखत मेलाय.”

ती खाली, प्रेसच्या चौथऱ्यावर बसली. “चाचा, खांबावरच्या लाइनीला तुमचा नियम अगदी बरोबर आहे. तिथे परतीच्या तारेतून माणसाला मारण्याइतकी वीज येऊ शकते. इथली गोष्ट वेगळी. बोर्ड पांढऱ्या तारेतून सर्वोला सांगतो, ‘पाच व्होल्ट’. पण पाच कुठून मोजायचे? समजा, तुम्ही तुमच्या अंगणातून मला ओरडून सांगितलंत, ‘पाच पायऱ्या चढ’. तुमच्या घराचं जोतं वेगळं, माझ्या घराचं वेगळं. मी पाच पायऱ्या माझ्या जोत्यापासून मोजणार, आणि पोचणार भलतीकडेच. ती काळी तार म्हणजे दोन्ही घरांना एकच जोतं.”

“मग संगणक लावल्यावर?”

“संगणकाचा मायनस त्याच्या पत्र्यातून अर्थिंगला जातो. बाराच्या डब्याचा मायनसही आतून त्याच्या पत्र्याला, म्हणजे अर्थिंगलाच जोडलेला आहे. केबल लावली, की तेवढ्या लांबच्या वाटेने का होईना, दोन्ही जोती एक होतात. केबल काढली, की वाट तुटली. मग पांढरी तार प्रेसच्या मोटारीचा सगळा गोंगाट पकडते, आणि सर्वो त्यालाच हुकूम समजते.”

चाँदभाईंचा शब्दांवर विश्वास नव्हता, मीटरवर होता. त्यांनी खिशातून मीटर काढला. केबल सुटलेली होती. एक टोक पाचच्या मायनसला, दुसरे बाराच्या मायनसला. दोन्ही शून्ये, दोहोंमध्ये काहीच दिसता कामा नये.

मीटरवर एकोणसाठ व्होल्ट आले. मग बेचाळीस. मग एकसष्ट.

त्यांनी मीटर झटकला. टोके पुसली. पुन्हा लावली. अठ्ठावन्न.

“ही भूतवीज आहे चाचा, यात दम नाही, चटकाही बसणार नाही,” क्षितिजा हळू आवाजात म्हणाली. “पण पाच व्होल्टचा हुकूम त्यात ऐकू कसा येणार?”

तिने केबल जोडली. मीटरवर शून्य आले.

चाँदभाईंनी पॅनेलच्या दाराला धरले. अठरा वर्षे ज्या नियमाच्या आधारावर त्यांनी माणसे वाचविली, त्याच नियमाने त्यांनी एका बाईचा हात साच्याखाली लोटला होता. तोसुद्धा निष्काळजीपणाने नव्हे. पूर्ण काळजीने, टोप्या चढवून, दार लावून. बेपर्वा माणसाकडून हे घडलेच नसते. त्याने ती तार जशी होती तशी राहू दिली असती.

त्यांनी नवी तार कापली, चार इंचच, आणि दोन्ही मायनस जोडले. स्क्रू आवळताना पेचकस तीनदा घसरला. केबल काढली, मोटार सुरू केली. हात आज्ञाधारकपणे चकती उचलून ठेवू लागला.

“चाचा,” क्षितिजा म्हणाली, “साहेबांना मी सांगते, कनेक्शन सैल झालं होतं. तेवढ्यावर भागेल. तुमचं नाव कशाला?”

“माझं कनेक्शन सैल न्हाई होत,” चाँदभाई म्हणाले. हे ते अभिमानाने म्हणाले की दुःखाने, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

दहा वाजता जयसिंगराव आले. चाँदभाईंनी त्यांना पॅनेल उघडून दाखविले, काय केले ते सांगितले, का केले तेही सांगितले. जयसिंगरावांनी वाकून त्या छोट्या तारेवर बोट ठेवले.

“भाई, तुमी? दुसरं कुणी सांगितलं आसतं, तर त्याच्या कानाखाली काढली आसती मी.” मग त्यांनी कपाळ पुसले. “हात ऱ्हाऊ द्या. मॅडमही ऱ्हाऊ द्या. पर त्या जागंवर आता बसंल कोण? ती बाई यील का परत? रत्नाबाई बसली न्हाई, तर एक बाई त्या हाताजवळ जाणार न्हाई. मग मला भंगारातच घालावा लागंल.”

संध्याकाळी चाँदभाई रत्नाबाईंच्या दारी गेले. त्या उंबऱ्यात प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चाँदभाईंनी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. एकही शब्द गाळला नाही.

रत्नाबाईंनी मान वर केली. “म्हंजे मशिन येडं न्हवतं.”

“न्हाई.”

“मी दोन दिस त्या पोरीला शिव्या घालतिया. देवाला इचारतिया, हे मलाच का. आन् तुमी! तुमी पॅनल बांधलं म्हणूनशान मी तितं बसत व्हते, भाई. दुसऱ्यानं बांधलं आसतं तर मी बसलेच नसते.”

चाँदभाईंनी मान खाली घातली. “मशिनचा हात बराय आता. लई चांगला चालतोय. तुमी बसला, तर ऱ्हाईल. न्हाईतर पुन्हा सगळ्या बाया...”

“मी बसंन. पर आधी तुमी बसा.” त्या म्हणाल्या. “एक पाळी. माझ्या जागंवर. पेडल तुमच्या पायाखाली. मी समोर बसून बघणार.”

शनिवारी चाँदभाई मुलाणी तिसऱ्या नंबरच्या प्रेसवर बसले. अठरा वर्षांत या यंत्राची मोटार त्यांनी किती वेळा खोलली होती, याची गणती नव्हती; पण चालत्या यंत्रापुढे, बसणाऱ्याच्या जागेवर, ते एकदाही बसले नव्हते. ठोकळा नाकासमोर खाली येतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्रत्येक ठोक्याला बूड ज्या फळीवर टेकले आहे ती फळी हादरते, दात एकमेकांवर आपटतात, हेही नव्हते. हात येई, चकती ठेवी, मागे सरे. चाँदभाई पेडल दाबीत. डावीकडे ट्रेमध्ये नवी थप्पी लावीत. समोर स्टुलावर रत्नाबाई. त्यांच्या शेजारी क्षितिजा, नखे कुरतडीत.

पहिला तास गेला. दुसरा गेला. हात एकदाही चुकला नाही. बाया एकेक करून जवळ येऊन पाहू लागल्या.

साडेअकराच्या सुमारास पलीकडे कोणाच्या तरी हातून वाट्यांनी भरलेला ट्रे फरशीवर पडला. प्रचंड आवाज झाला. चाँदभाई दचकले.

आणि त्यांचा पाय खाली गेला.

ठोकळा धाडकन आदळला. हात अजून अर्ध्या वाटेवर होता; साच्याखाली काहीच नव्हते, रिकाम्यावर रिकामा ठोका. चाँदभाईंची बोटे ट्रेमधल्या थप्पीवर होती. त्यांनी ती उचलून डोळ्यांसमोर धरली. सगळी होती. तरीही ती आपली नव्हेत, उसनी आणलेली आहेत, अशा नजरेने ते त्यांच्याकडे पाहत राहिले. बुधवारी रत्नाबाईंच्या जागी ते असते, तर त्यांनी पाय उचलला नसता.

“पाय बघितला का तुमचा?” रत्नाबाई उठून जवळ आल्या.

चाँदभाईंनी पाय पेडलवरून काढून घेतला.

“मॅडम,” रत्नाबाई क्षितिजाकडे वळून म्हणाल्या, “ह्या हातालाच सांगा ठोका कवा मारायचा ते. माणसाच्या पायावर ठेवू नका.”

“करता येईल,” क्षितिजा म्हणाली. “पेडलच्या जागी बोर्डावरून एक तार आणावी लागेल. चाचा, जोडाल?”

चाँदभाई फळीवरून उठले. “जोडीन,” ते म्हणाले. “पर आधी सांग, त्या तारंचे व्होल्ट कुटून मोजायचे.”